झरोका उघडा ठेवायचा

गुरुवार, १० ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही मुलं खुशाल असाल असं धरून लिहिते, कारण तू काही आपणहून कळवायचा नाहीस. आई पत्राच्या पहिल्याच ओळीत कारण सांगून मोकळी व्हायची. माझं कारण मी शेवटी सांगणार आहे, म्हणजे निदान तिथपर्यंत तरी तू वाचशील.

इथे नऊ दिवस पाऊस लागून राहिलाय. मोठा नाही, पण थांबतही नाही. गार, बारीक आणि चिवट. समोरच्या झाडांची पानं गळून फरशीला अशी चिकटलीत की सफाईवाला ती फावड्यानं खरवडतो आणि प्रत्येक फावड्याला झाडांना एक शिवी देतो. कपडे वाळत नाहीत. मीठ सुटं होत नाही. माझं शिवणाचं पायमशीन सकाळी पहिली पाच मिनिटं कुरकुरतं, मग चालू लागतं. माझ्या गुडघ्यांचंही तेच आहे.

काम मात्र भरपूर आहे. थंडी पडली की लोकांना माझी आठवण येते. जाड पडदे, पडद्यांना अस्तर, खिडक्यांच्या फटींना कापडी पट्ट्या. शिवाय दाराखालच्या फटीत घालायच्या भुसा भरलेल्या लांब उशा. त्यांना आता सगळा रस्ता अजगर म्हणतो. काल शाळेतल्या बाई पलीकडच्या फुटपाथवरून ओरडल्या, "ताई, दोन अजगर द्या हो, त्यातला एक लठ्ठ!" छत्री घेऊन चाललेला एक परका गृहस्थ जागच्या जागी उभा राहिला.

मी सगळ्यांची घरं उबदार करते आणि स्वतः दोन स्वेटर, लोकरीचे मोजे आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन शिवते. शेजारीण म्हणते, "अहो, घरात शेगडी असून कुडकुडता कशाला?" मी म्हणते, मला ऊब बाधते. तिला तो विनोद वाटतो.

शेगडी तशीच आहे, कोपऱ्यात. बारा वर्षांत मी तिच्यात काडी टाकलेली नाही. वर एक चादर घातली आहे आणि चादरीवर दोऱ्यांचे डबे ठेवले आहेत, म्हणजे ती शेगडी आहे हे दिसू नये. पण धुराचा नळ वर जाताना दिसतोच. आणि भिंतीत खाली तू पाडलेला झरोकाही दिसतो. त्याच्या बाजूला तू तेलरंगानं लिहिलं होतंस, "झरोका उघडा ठेवायचा", आणि खाली दोन रेघा मारल्या होत्यास. आई म्हणाली होती, पोरगं भिंत घाण करून गेलं.

त्या दुपारचं तुला मी काय सांगणार. आई शेगडीसमोर आरामखुर्चीत पडली होती, मी चार वाजता आले तेव्हा ती गेलेली होती. कोळशाचा वायू, ज्याला रंग नाही, वास नाही. तपासनिसानं नळाच्या जोडणीवर बोट ठेवलं आणि तुझा शेगड्या बसवण्याचा परवाना गेला. आणि तू कुठे, तर बटाट्यांच्या शीतगृहात नोकरीला लागलास. मला कधी कधी वाटतं, थंडीच हवी म्हणून तू ती नोकरी शोधून काढलीस.

आता कारण. तुझी भाची येते आहे. तिच्या खोलीचं छत गळतंय, जावई बोटीवर, तो नवीन वर्षाच्या आधी काही परतत नाही. तिच्याबरोबर चार महिन्यांची मुलगी आहे. तिला ती इतक्या कपड्यांत गुंडाळते की मी तिचं नाव गाठोडं ठेवलंय. फोनवर मी मोठ्या तोंडानं म्हणाले, "ये, इथे ये, आपलं घर आहे." फोन ठेवला आणि शेगडीवरच्या चादरीकडे पाहिलं. चार महिन्यांचं बाळ ह्या खोलीत मोज्यांवर आणि पिशव्यांवर राहणार नाही. शेगडी पेटवावी लागणार.

मला भीती वाटते, धाकट्या. साधी सरळ भीती. तू ये. एक दिवस ये, शेगडी बघ, नळ बघ आणि जा. जेवायलाही थांबू नकोस हवं तर.

तुझी,
ताई


सोमवार, २१ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की तार? "ताई, शेगडी पेटवू नकोस. मी येणार नाही. माझ्या हाताला यश नाही." शब्द मोजून मापून. सहा वर्षांचा असताना तू मला अख्खा कागदभर पत्र लिहायचास, आणि मी शेजारच्याच खोलीत असायची.

त्याच दिवशी तुझ्या बायकोचंही पत्र आलं. तुला न सांगता लिहिलं आहे, तिला बोलू नकोस. तिनं लिहिलंय की घरमालकानं बसवलेली शेगडी तू पेटवू देत नाहीस, थंडीतही खिडकी उघडी ठेवून झोपतोस, आणि थोरल्याचा खोकला महिनाभर हटत नाही. "ह्यांच्याशी बोलायची सोय नाही, तुम्ही सांगून बघा," असं तिचं म्हणणं. मी तुला चांगलं खडसावून लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. तुला खडसावणारी मी कोण, असं वाटलं.

गाठोडं आलं. ती येण्याआधी मी खोलीच्या सगळ्या फटी अजगरांनी आणि पट्ट्यांनी बुजवल्या. स्वतःच्याच घरात मी गिऱ्हाईक झाले. तिला आठवडाभर शेगडीशिवाय ठेवलं. दुधाच्या बाटल्यांत गरम पाणी भरून तिच्या दोन्ही बाजूंना, पायाशी रजई, डोक्याला टोपडं. पाचव्या दिवशी तिचं नाक चोंदलं, सातव्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, कोट न काढताच त्यांनी बाळाला तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. "ही खोली आहे की माळा? बाळाला उबेत ठेवा, आजच्या आज. ती शेगडी काय शोभेला आहे का?"

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या गेल्यावर तुझी भाची एवढंच म्हणाली, "आई, मला माहीत आहे तुला काय वाटतं ते. पण नीट तपासून घेतली तर काय होणार आहे?"

मग मी दुसरा शेगडीवाला बोलावला. तुला राग येईल, येऊ दे. सफेद मिशांचा आहे, शिट्टी वाजवत काम करतो. सगळा नळ उतरवला, काजळी झाडली, जोडण्या बघितल्या, सरकलेली एक परत बसवली, झरोक्यासमोर उदबत्तीसारखी एक धुराची कांडी धरली आणि धूर आत कसा येतो ते मला दाखवलं. म्हणाला, "कोणी बसवलीय ही? एकेक जोडणी हातानं घासून बसवलीय. हल्ली इतकं कोण करतं?" मी म्हणाले, माझ्या भावानं. तो म्हणाला, "मग काय, घरचंच काम. पेटवा खुशाल. फक्त हा झरोका बुजवू नका."

शनिवारी पेटवली. खोलीत ऊब आली, काचांवर वाफ धरली, आणि गाठोड्यानं पहिल्यांदा हातपाय बाहेर काढून ताणले. तुझ्या भाचीला रडूच आलं. मलाही आलं, पण माझं वेगळं होतं.

तेव्हापासून मी पहारा करते. शिवण सोडून मी त्या शेगडीकडे बघत बसते. आपल्या नाकाला वास नसलेला वास येतो का ते हुंगत बसते. डोकं जड झालं की दार उघडून बाहेर पळते, आणि चहा प्यायले की उतरतं. बाळाच्या छातीवर हात ठेवून मिनिटाचे श्वास मोजते. तिच्या झोपेत मी तिला तीनदा उठवलं आणि तिच्या आईची बोलणी खाल्ली. खिडकी मी वीतभर उघडी ठेवते. भाची म्हणते, "शेगडीही पेटवायची आणि खिडकीही उघडी? रस्त्याला ऊब देतेस का आई?" ती हसते. तिचं हसणं ऐकून मला आणखी भीती वाटते, कारण आईही अशीच हसत होती. म्हणायची, "बाई गं, त्या झरोक्यातून माझ्या पायांवर वारा येतो. माझी सुकलेली हाडं आता फुंकून विझवणार का?"

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. बरीच वर्षं झाली. पण ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. तू आलास तर बोलू. तू येणार नाहीस, तेव्हा तेही आपसूकच राहिलं.

थोरल्याच्या छातीला गरम कापडानं शेका. मुलाला तरी ऊब लागू दे.

तुझी,
ताई


शनिवार, २ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. पाऊस चालू आहे.

गाठोड्याला मध्ये थोडं बरं नव्हतं. थंडीनं असेल. दोन दिवस तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात ठेवलंय, तसं काळजीचं काही नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या खबरदारी म्हणून. मी डबा घेऊन जाते, येते. शेगडी विझवली आहे. नाहीतरी घरात मी एकटीच, मला कशाला हवी.

तुझा थोरला कसा आहे? खोकल्याचं कळव. आज फार लिहीत नाही, हात दुखतोय.

तुझी,
ताई


सोमवार, ४ नोव्हेंबर

धाकट्या,

परवाचं पत्र मी टाकलं नाही. ह्याच पाकिटात घालते आहे. वाच आणि बघ, तुझी बहीण किती सफाईनं खोटं लिहिते. मला ह्याची सवय आहे. बारा वर्षं मी हेच केलं.

आधी हे सांगते की दोघी जिवंत आहेत. आज दुपारी घरी आल्या. गाठोडं दूध पिऊन ओरडतंय, आणि तो आवाज ऐकत मी लिहिते आहे.

आता काय झालं ते. गुरुवारी जेवण झाल्यावर मी शाळेतल्या बाईंचे पडदे द्यायला गेले. त्यांच्या खिडक्या उंच, पडदे लावून द्यायला तासावर वेळ गेला. निघताना मी भाचीला दहा वेळा बजावलं होतं की खिडकी लावू नकोस. ती म्हणाली, "जा गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

परत आले आणि दार उघडलं. खोली छान गरम होती. इतकी छान की एक क्षण मलाही बरं वाटलं. खिडकी बंद होती. भाची खुर्चीत मान टाकून बसली होती, गाल लाल, आणि गाठोडं तिच्या मांडीवर. मी हाक मारली तर भाचीनं डोळे उघडले आणि हसून, शब्द ओढत म्हणाली, "बघ आई, तुझ्यासाठी काय केलंय." तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

झरोक्यावर कापडी झाकण होतं. पडद्याच्याच कापडाचं, आत कापूस, कडेला दुहेरी टीप, चार काजं आणि भिंतीतल्या चार खुंट्यांना चार बटणं. एखाद्या चित्रासारखं बसलं होतं. तू लिहिलेली अक्षरंही त्याखाली झाकली गेली होती.

मी ते ओरबाडून काढलं, खिडकीची काच कोपरानं फोडली, आणि बाळाला घेऊन बाहेर पायरीवर आले. पावसात. ती हलत नव्हती, धाकट्या. ओल्या रुमालासारखी माझ्या हातावर पडली होती. मी तिला उलटी केली, थोपटलं, तिच्या तोंडावर पाऊस पडू दिला. मी कोणाच्या नावानं ओरडले माहीत आहे? तुझ्या. समोरचा सफाईवाला फावडं टाकून धावत आला, त्यानं आत जाऊन भाचीला खांद्यावर घालून आणलं. मग गाडी, मग दवाखाना. तिथे दोघींच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे लावले. त्या इवल्या तोंडावर तो मुखवटा मावत नव्हता, परिचारिकेनं हातानं धरून ठेवला होता. वीस मिनिटांनी ती रडली. माझ्या जिवात जीव आला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मी तशीच बाकावर बसून राहिले. पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी भाची शुद्धीवर आली, नीट बोलायला लागली. मी तिच्यावर डाफरले. घाबरलेली बाई डाफरतेच. "झरोका बुजवायचा नाही हे भिंतीवर लिहिलंय! तुला वाचता येत नाही? तुला कोणी सांगितलं होतं झाकण शिवायला?"

ती म्हणाली, "आई, पण झाकणाचं पेपर कटिंग, ते कागदी माप, तर तुझंच होतं."

मी तिच्या खाटेच्या कडेला टेकले. ती म्हणाली, "कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या ब्लाउजांच्या कटिंगांखाली. तुझ्या अक्षरात होतं, बैठकीची खोली, झरोका, काजं चार. मला वाटलं, तू आजीसाठी हे करायचं ठरवलं असशील आणि राहून गेलं असेल. आणि त्या खुंट्याही होत्या भिंतीत. मला वाटलं, तू आलीस की खूश होशील."

धाकट्या, शिवणारी बाई कापड उसवते, जाळते, पण पेपर कटिंग टाकत नाही. हात धजत नाही. मापं घेतलेली असतात, कधीतरी लागतील. मी सगळं उसवलं आणि तेवढा कागद ठेवला. लपवायचा म्हणूनही नाही ठेवला. नुसता इतर कागदांत ठेवला.

म्हणजे तुला कळलंच असेल. तरी मी ते पूर्ण लिहिणार आहे, कारण अर्धवट लिहिणं मला आता पुष्कळ जमतं.

झरोका मी बुजवला होता. आईच्या पायांना वारा लागायचा, ती रोज कुरकुरायची, आणि मला तिची कुरकुर ऐकवत नव्हती. जुन्या चिंध्यांचा बोळा कोंबला असता तर तू पुढच्या खेपेला आलास की पाहिला असतास, ओरडला असतास आणि काढून टाकला असतास. पण मी शिवणकाम करणारी. मला बोळा कसा चालेल? मी माप घेतलं, पडद्याला जुळणारं कापड घेतलं, मध्ये कापूस घातला, काजं हातानं केली. इतकं सुबक झालं की तू त्याच आठवड्यात येऊन चहा पिऊन गेलास, त्या भिंतीकडे तोंड करून बसलास, आणि तुला वाटलं मी झरोका मोकळा ठेवून भिंतीला काहीतरी शोभेचं लावलंय. तू म्हणालाससुद्धा, "ताई, तुझी हौस दांडगी." मी हसले. आईनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

त्या दुपारी चार वाजता आले तेव्हा आधी ते झाकण दिसलं, आई नंतर दिसली. मी सगळ्यांत आधी झाकण काढलं. आईला हात लावायच्या आधी. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मग शेगडी बाहेर ओढायला गेले, तापलेली, दोन्ही हातांनी. माझ्या डाव्या तळव्यावरचा डाग इस्त्रीचा नाही. शेगडी दोन बोटं हलली आणि वर नळ खळ्ळ करून सरकला. तपासनिसाला जी सैल जोडणी सापडली ती ही. मी सैल केलेली. तो टॉर्च धरून वाकून बघत होता, लिहून घेत होता, आणि मी झाकण पदराखाली धरून दारात उभी होते.

नंतर तू आलास. ओल्या अंगानं आलास, बूटही काढले नाहीस. आईकडे पाहिलंस, नळाकडे पाहिलंस, तपासनिसाच्या हातातला कागद वाचलास. मग माझ्यापुढे येऊन म्हणालास, "ताई, मी आईला मारलं." मी तुला जवळ घेतलं आणि म्हणाले, "असं बोलू नये." एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, आज नाही, जरा सगळं शांत झालं की सांगेन. मग तुझा परवाना गेला. मग तू गाव सोडलंस. दर वेळी ते सांगणं अधिक अवघड होत गेलं आणि गप्प बसणं अधिक सोपं. शेजारपाजारचे म्हणायचे, बिचारी ताई, भावाला एका शब्दानं बोलली नाही. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक व्हायचं, आणि मी ते ऐकून घ्यायची.

दवाखान्यात मी हे सगळं तुझ्या भाचीला सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती बराच वेळ बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "मामाला माहीत आहे?"

मी म्हणाले, नाही.

"मग मला काय सांगतेस?"

आज घरी आल्यावर तिनं टेबल पुसलं, कागद आणि पेन ठेवलं आणि आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही. खिडकीला पुठ्ठा लावलाय, काचवाला उद्या येतो. सफेद मिशांचा शेगडीवाला येऊन गेला. त्यानं काही विचारलं नाही, शिट्टीही वाजवली नाही. मी कात्री घेऊन भिंतीतल्या चारही खुंट्या उपटून काढल्या. त्यानं शेगडी पेटवून दिली आणि तासभर बसून राहिला, स्वतःहून. खोली गरम आहे आणि झरोक्यातून माझ्या पायांवर वारा येतो आहे. मी पाय हलवत नाही.

उद्या सकाळी मी तपासनिसांच्या कचेरीत जाणार आहे. तो जुना माणूस निवृत्त झाला असेल, पण कागद असतील. मी लेखी देणार आहे की जोडणीत दोष नव्हता, ती मी सैल केली, आणि झरोका मी बंद केला होता. ते माझं काय करतील मला माहीत नाही. त्याची भीती वाटते, पण ती भीती साधी आहे. तुझी भीती वेगळी आहे. तू हे वाचशील तेव्हा तुझा चेहरा कसा होईल, ते मला दिसतं आणि माझं पेन थांबतं. तू ओरडलास तर मी ऐकेन. तू काहीच बोलला नाहीस, तर काय करायचं ते मला कळत नाही. पण बारा वर्षं तुला माझ्याकडून तेच मिळालं, तेव्हा माझी तक्रार नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तू पुष्कळ दिलंस.

"मी आईला मारलं" हे वाक्य तुझं नव्हतं, धाकट्या. ते माझं होतं. तू ते चुकून उचललंस आणि मी तुला उचलू दिलं. आता ते परत दे. तुझ्या हाताला यश आहे, त्या जोडण्यांचं कौतुक मी दुसऱ्या कारागिराच्या तोंडून ऐकलं आहे.

एकच मागते. हे पत्र एकट्यानं वाचून खिशात घालू नकोस. घरी ने, बायकोला आणि मुलांना समोर बसव, आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखव, थोरल्यालासुद्धा. त्यांनीही तुझ्याबरोबर बारा थंड्या काढल्या आहेत. कोणामुळे काढल्या, ते त्यांना आज कळू दे. मग खिडकी लाव आणि त्यांच्यासाठी शेगडी पेटव.

ताई म्हणायचं की नाही ते तू ठरव. मी फक्त जे खोटं होऊ शकत नाही तेवढंच लिहिते.

तुझी मोठी बहीण